मटार लावला, शेंगा आल्या, आता तोडायच्या कधी?

ग्रिलमध्ये नाहीतर गच्चीत मटार लावणाऱ्या आपल्या ठाणे-नवी मुंबईकरांची गाडी दरवर्षी एकाच ठिकाणी येऊन अडते. माती कुठली, बी किती खोल, काठ्या कशा बांधायच्या ह्याचे पन्नास व्हिडिओ बघून झालेले असतात, वेल वर चढलेला असतो, पांढरी फुलं येऊन गेलेली असतात, आणि जानेवारीत शेंगा लटकायला लागल्या की माणूस रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभा राहतो, आज तोडू की अजून दोन दिवस थांबू. आणि थांबतोच.

मीही थांबले होते. घोडबंदर रोडला नवव्या मजल्यावर राहते, पहिल्या वर्षी दोन ग्रो बॅगांत मटार केला होता, मंगळवारी शेंगा मस्त भरल्या होत्या पण रविवारी नणंद येणार होती म्हणून म्हटलं तिच्यासमोर तोडू, जरा कौतुक होईल. रविवारी शेंगा पिवळट पडलेल्या, दाणे छर्ऱ्यासारखे, उसळीला चार शिट्ट्या दिल्या तरी सालं वेगळी आणि पीठ वेगळं. नणंद बिचारी काही बोलली नाही, फक्त दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. माझं माहेर सासवडकडचं, तिकडे पुरंदरच्या पट्ट्यात वाटाण्याचं पीक पिढ्यानपिढ्या घेतात, तेव्हा अण्णांना फोन केला तर ते हसलेच, म्हणाले, "अगं एक शेंग फोडून खायची, त्याला काय वकील लागतो का?"

म्हणजे सगळा लेख खरं तर त्या एका वाक्यात आहे, पण कुठली शेंग फोडायची, कधीपासून फोडायची आणि खाऊन काय कळतं हे नवीन माणसाला सांगायला लागतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बघा, लावलंय काय

बियांचं पाकीट शोधा. मटार म्हणून तीन वेगळे प्रकार विकतात आणि तिन्हीची तोडायची वेळ वेगळी आहे, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपला नेहमीचा सोलायचा मटार, म्हणजे अर्केल, बोनविले, जीएस-१० वगैरे, ह्याचे दाणे खायचे आणि टरफल फेकायचं, तर ह्यात दाणा भरेपर्यंत थांबावंच लागतं. दुसरा स्नो पी, ती चपटी शेंग जी चायनीजमध्ये अख्खी घालतात, ती दाणे भरायच्या आधीच काढायची, शेंग पूर्ण लांब झाली आणि आत दाण्यांचे नुसते ठिपके दिसायला लागले की लगेच, भरायची वाट बघितलीत तर दोरे येतात आणि चावत बसावं लागतं. तिसरा स्नॅप पी, ह्याची शेंग गुबगुबीत होते आणि टरफलासकट खातात, तो मोडल्यावर काडकन आवाज आला पाहिजे. पुढचं बरचसं मी सोलायच्या मटाराबद्दलच लिहितेय कारण आपल्याकडे बहुतेक लोक तोच लावतात.

काही जण किराणावाल्याकडचा उसळीचा वाटाणा भिजवून पेरतात. उगवतो हो, छान उगवतो, शेंगाही येतात, पण तो जातीनेच पिठूळ, त्याच्याकडून गोडीची अपेक्षा ठेवू नका आणि ठेवायचीच असेल तर दाणे अर्धेमुर्धे भरले असतानाच काढा. बी हातात घेऊन बघितलं तरी फरक दिसतो. वाळलेलं बी गोल गुळगुळीत असेल तर त्यात पीठ जास्त, सुरकुतलेलं असेल तर साखर जास्त. हे तेच गोल आणि सुरकुतलेले वाटाणे जे मेंडेल मोजत बसले होते, १८६६ साली छापलेला तो निबंध आपण दहावी-बारावीला घोकलाय. सुरकुतलेल्या बीमध्ये साखरेचं पीठ करणाऱ्या एका एन्झाइमचा जीन बिघडलेला असतो हे १९९० मध्ये कळलं, म्हणून साखर जास्त उरते, ती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर बी आक्रसतं. शाळेत कोणी हे सांगितलं असतं तर मी तो धडा जास्त आवडीने वाचला असता.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून टाकते. थंडीत नर्सरीत स्वीट पी म्हणून गुलाबी-जांभळ्या वासाच्या फुलांची रोपं मिळतात, त्यालाही मटारासारख्याच शेंगा येतात, पण त्या विषारी असतात, खायच्या नाहीत, घरात लहान मूल असेल तर दोन्ही शेजारी शेजारी लावूच नका.

दिवस मोजायचे ते फुलापासून

पाकिटावर लिहिलेलं असतं, पहिला तोडा (एका वेळच्या तोडणीला आमच्याकडे तोडा म्हणतात) ५५-६० दिवसांत, किंवा बोनविलेसारखी उशिराची जात असेल तर ८०-८५ दिवस. हे पेरणीपासूनचे दिवस असतात आणि शेतातले असतात. आपल्या ग्रिलमध्ये ऊन तीन तास येतं की सहा तास, कुंडी केवढी, नोव्हेंबरात पेरलं की डिसेंबरात, ह्याने पंधरवड्याचा फरक सहज पडतो. त्यामुळे तो आकडा फक्त "आता लक्ष ठेवायला लागा" एवढ्यापुरताच धरायचा.

जास्त भरवशाची खूण म्हणजे फूल. फूल उमललं की साधारण १८ ते २२ दिवसांत सोलायच्या मटाराची शेंग तोडायला येते, स्नो पीची मात्र आठवड्याभरातच. मी काय करते, वेलावर सगळ्यात पहिलं फूल आलं की त्याच्या देठाला लोकरीचा तुकडा सैल बांधते आणि कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब लिहितो ना तिथेच, "मटार फूल" असं लिहून ठेवते. मग पंधराव्या दिवसापासून रोज बघायचं. पहिली फुलं खालच्या बाजूला येतात आणि नंतर वर वर येत जातात, तर शेंगाही त्याच क्रमाने तयार होतात, म्हणजे वरच्या शेंगेकडे बघून ठरवू नका, आपली नजर नेमकी वरच जाते आणि खाली पानाआड दोन शेंगा निबर होऊन बसलेल्या असतात.

आता हे बावीस दिवस आपल्याकडे कधी कधी होतच नाहीत. मटार थंडीचं पीक आहे, त्याला दिवसा विशीच्या आसपासचं तापमान आवडतं, आणि ठाण्यात जानेवारीतही दुपारी पारा ३० ला टेकतो. रात्री १६-१७ झालं की आपण शाली काढतो पण मटाराला ते जेमतेम. उष्णता वाढली की दाणा भराभर पिकतो, साखरेचं पीठ लवकर होतं. सासवडला अण्णांना जी शेंग चार-पाच दिवस वेलावर चांगली राहते ती माझ्याकडे दोन दिवसांत हातची जाते, आणि फेब्रुवारीत तर आज संध्याकाळी छान आणि परवा सकाळी गेली असं होतं. म्हणून पेरणीही दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत उरका. जानेवारीत पेरलेल्या मटाराला मार्चमध्ये फुलं येतात आणि तशीच गळतात, ते दुःख वेगळं.

शेंग कशी बदलते

शेंग आधी लांब होते आणि मग भरते, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. नवीन लोकांना वाटतं लांब झाली म्हणजे तयार झाली, तोडून बघतात तर आत मोहरीएवढे दाणे, पोचट. चार-पाच दिवसांत ती चपटी शेंग पूर्ण लांबीची होते आणि मग आठ-दहा दिवस बाहेरून काहीच होत नसल्यासारखं वाटतं. आत दाणे धरत असतात. सकाळच्या उन्हाकडे शेंग धरलीत (तोडायची नाही, वेलावरच जरा तिरकी करायची) तर दाण्यांच्या सावल्या दिसतात, हा खेळ पोरांना फार आवडतो.

मग ती गोल व्हायला लागते. रंग गडद हिरवा, साल चकचकीत, हाताला गार आणि ताठ. दोन बोटांत हलकेच दाबली की आत दाणे लागतात पण त्यांच्यामध्ये अजून थोडी जागा असते, किंचित दबते. ही तोडायची वेळ. ह्याच्या आधी तोडलीत तर दाणे अगदी बारीक पण साखरेसारखे गोड मिळतील, ते काही वाईट नाही, फक्त वाटी भरणार नाही.

ह्यापुढची पायरी फसवी असते. शेंग टरारून फुगते, दाण्यांचे उंचवटे बाहेरून स्पष्ट मोजता येतात, फोटो काढावासा वाटतो. बाजारात आपण अशीच शेंग निवडून घेतो, जबलपूरहून वाशीच्या एपीएमसीत गोणी येतात त्यातली आपण भरलेलीच शेंग बघतो कारण किलोवर पैसे देतोय, टरफलाचे का द्यायचे. घरच्या वेलावर तोच हिशोब लावला की फसलो. शेंग एवढी फुगली असेल तर तो शेवटचा दिवस समजा, त्याच दिवशी काढा. उद्या तिची चकाकी जाईल, रंग फिका पिवळट होईल, सालीवर बारीक जाळी उमटेल आणि दाबल्यावर चामड्यासारखी लागेल. आत दाणे एकमेकांना चिकटून चौकोनी झालेले असले तर ती निबर झाली.

आणि तरी, फोडून खा

हे सगळं डोळ्यांनी बघून झालं की वेलाच्या खालच्या भागातली, साधारण इतरांसारखी दिसणारी एक शेंग तोडा, तिथेच उभ्या उभ्या सोला आणि दाणे कच्चे खा. कच्चा दाणा गोड लागला, साल जिभेवर जाणवली नाही, दाताखाली पाणी सुटलं तर तिच्याएवढ्या दिसणाऱ्या सगळ्या शेंगा आजच काढायच्या. गोड पण फार बारीक असेल तर दोन दिवस द्या. चव पिठूळ, जीभ कोरडी पडल्यासारखी, साल वेगळी चघळावी लागतेय, तर उशीर झालाय आणि बाकीच्या तरी वाचवा.

नखाने पण कळतं. कोवळ्या दाण्यात नख सहज जातं आणि रस येतो, जून दाण्यात नख रुतवावं लागतं आणि आत दोन डाळिंब्या कोरड्या दिसतात. मटार डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत ह्यासाठी टेंडरोमीटर नावाचं मशीन असतं, ते दाणे दाबून किती जोर लागतो ते मोजतं आणि त्यावर मालाची प्रत ठरते. म्हणजे दाबून बघणं हे शास्त्रीयच आहे, सासूबाई भाजीवाल्याच्या टोपलीत हेच करतात आणि बोलणी खातात.

एका शेंगेवरून सगळ्या वेलांचा निकाल लावू नका हां. भिंतीजवळच्या कुंडीला गरम वाफ लागते, तिथल्या शेंगा कडेच्या बॅगेपेक्षा आधी होतात, तर प्रत्येक कुंडीतली एक चाखा. चाखण्यात चार शेंगा जातील, जाऊ देत, तेवढा तर माळ्याचा हक्क आहे.

तोडताना दोन हात

ही चूक सगळे करतात. शेंग धरून ओढतात आणि अर्धा वेल हातात येतो. मटाराची मुळं वरवर असतात, खोड पोकळ आणि नाजूक, शिवाय तो स्प्रिंगसारख्या तंतूंनी जाळीला घट्ट धरून बसलेला असतो, ओढलं की जाळी सुटत नाही, खोड तुटतं. एका हाताने वेल जिथे शेंगेचा देठ फुटलाय तिथे धरायचा आणि दुसऱ्या हाताने शेंग वरच्या बाजूला वाकवून मोडायची. जमत नसेल तर सरळ छोटी कात्री घ्या, मी दोरे कापायचीच कात्री वापरते.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. रात्रभराच्या गारव्याने शेंग टणक असते, दुपारी तीच मलूल होते. ऑफिसची घाई असेल तर संध्याकाळी उन्हं गेल्यावर काढा, भर दुपारी मात्र नको.

किती दिवसांनी तोडा घ्यायचा? एकदा सुरू झालं की दिवसाआड, फेब्रुवारीत रोज एक चक्कर. आणि ह्यात आळस केलात तर फक्त त्या शेंगा जात नाहीत, पुढची फुलंही कमी होतात, कारण एकदा वेलावर बी पिकायला लागलं की झाडाच्या दृष्टीने त्याचं वर्षाचं काम संपलं, ते मग नवीन फुलांवर खर्च कशाला करेल. म्हणून निबर झालेली शेंग दिसली तर खायची नसली तरी काढून टाका. गावाला जाणार असाल तर शेजारच्या काकूंना सांगून जा की तोडा आणि तुम्हीच खा, वेल तरी चालू राहील.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगते, नाहीतर मला शिव्या द्याल. माझ्या दोन बॅगांत मिळून बारा वेल असतात आणि एका चांगल्या तोड्याला सोलून जेमतेम वाटीभर दाणे निघतात. असे चार-पाच तोडे. बाजारात पन्नास रुपयांत मिळेल एवढा माल म्हणून आमचे हे दरवर्षी चिडवतात आणि दरवर्षी सोलताना अर्धे दाणे तेच खातात.

येऊरच्या बाजूला राहत असाल तर पोपट सांभाळा. त्यांना गोड दाणा आपल्या आधी कळतो, एखादी शेंग मधोमध चिरून दाणे पळवलेले दिसले तर त्या दिवशीच तोडा घ्या आणि वर जाळी टाका. शेंगेला एकच बारीक गोल भोक असेल तर ते पोपटाचं नाही, आत अळी आहे, तेवढी शेंग वेगळी काढून फेका.

तोडल्यानंतर घड्याळ चालूच असतं

वेलावरून काढली म्हणजे शेंग थांबली असं नाही. आत साखरेचं पीठ होणं चालूच राहतं आणि आपल्या गरमीत फारच जोरात, सकाळचा गोड मटार ओट्यावर ठेवलात तर संध्याकाळी बाजारच्या मटारासारखा होतो. मग घरी लावायची एवढी मेहनत का केली. शक्यतो त्याच दिवशी खा, पोह्यांत, मटार भातात, नाहीतर नुसते तुपावर जिरं घालून दोन मिनिटं परतून मीठ. लगेच करणार नसाल तर शेंगा न सोलता, न धुता, कागदी किंवा कापडी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस चांगल्या राहतात, सोललेले दाणे तेवढे राहत नाहीत.

दर तोड्याचे थोडे थोडे साठवून एकदम करंज्या करायच्या असतील तर फ्रीझर. उकळत्या पाण्यात दाणे दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर कोरडे करून ताटात पसरून गोठवायचे आणि नंतर पिशवीत भरायचे म्हणजे गोळा होत नाही. सासूबाई उकळत्या पाण्यात चिमूटभर साखर घालतात, रंग राहतो म्हणतात, मी वाद घालत नाही. पण ते उकळतं पाणी टाळून तसेच कच्चे दाणे फ्रीझरला टाकू नका, महिन्याभरात गवतासारखा वास येतो.

आणि उशीर झालाच, निबर निघालेच, तर उसळ करू नका, माझं ऐका. मऊ शिजवून, आलं-मिरची लावून भरड वाटा आणि करंजीचं नाहीतर पॅटिसचं सारण करा, तिथे पीठ असलेलं उलट बरं पडतं, सारण पाणी सोडत नाही.

बी ठेवायचं असेल तर

एक चांगला, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) न लागलेला वेल निवडून त्याच्या खालच्या पाच-सहा शेंगा मुद्दाम सोडा, लाल दोरा बांधा म्हणजे घरातलं कोणी तोडणार नाही. वेलावरच टरफल तपकिरी, कागदासारखं झालं आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की काढायच्या. मटाराच्या फुलात परागीभवन फूल उमलायच्या आधीच आतल्या आत होतं, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी बी बहुतेक आईसारखंच निघतं. आठ-दहा दिवस सावलीत वाळवून काचेच्या बरणीत, तारीख लिहून. आमच्याकडे पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा बरणी फ्रिजमध्येच.

फेब्रुवारी सरत आला की पानांवर पांढरी भुरी दिसायला लागते, खालची पानं पिवळी पडतात, नवीन फुलं गळतात. तेव्हा औषधं मारत बसू नका, मोसम संपला. उरलेल्या शेंगा एकदम काढून घ्या आणि वेल उपटायचा नाही, मातीलगत कापायचा. मुळांना बारीक गाठी असतात त्यात हवेतला नत्र धरणारे जिवाणू राहतात, मुळं तिथेच कुजली की पुढच्या पिकाला खत मिळतं. मी त्याच बॅगेत मूठभर गांडूळखत मिसळून मार्चच्या पहिल्या आठवड्यात भेंडी टोचते.